वेस्टर्न खोगीर शिकताना : अठरा दिवसांची नोंद

ऑगस्ट 2021 पासून मी अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात, घोडेस्वारीतून मुलांवर उपचार करणाऱ्या एका अश्वोपचार केंद्रात दर शनिवारी विनावेतन मदतीला जाते. तेथे देणगी म्हणून आलेली वीस-बावीस खोगिरे होती आणि त्यांचे तुटलेले पट्टे शिवण्याचे काम हळूहळू माझ्याकडे आले. त्या केंद्रातील एका तपकिरी घोड्याच्या खांद्याच्या उंचवट्यावर, दोन्ही बाजूंना, रुपयाएवढे पांढऱ्या केसांचे ठिपके आहेत. चुकीचे खोगीर त्या जागी वर्षानुवर्षे दाबत राहिले, कातडीखालच्या रंगपेशी मेल्या आणि पुढे तेथे केस पांढरेच उगवले, असे मला सांगण्यात आले, तेव्हा खोगिराच्या आत नेमके काय असते हे समजून घ्यावे असे पहिल्यांदा वाटले. पुढे दोन वर्षांत मी स्वतः एक वेस्टर्न खोगीर, म्हणजे अमेरिकन गुराख्यांच्या पद्धतीचे खोगीर, बनवले. चामडे आणि सुई यांच्यापलीकडे काही माहीत नसताना हा मार्ग धरणाऱ्याला माझ्या तारखा, खर्च आणि चुका उपयोगी पडाव्यात म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

ऑक्टोबर 2022 मध्ये मी तीन खोगीर कारागिरांना पत्रे पाठवली. एकाने नवशिक्यांना शिकवत नसल्याचे कळवले, दुसऱ्याकडे पुढील दीड वर्ष जागा नव्हती आणि तिसऱ्यांनी तीन आठवड्यांनी फोन केला. ते वायोमिंग राज्यात शेरिडनजवळ राहतात, वय सत्तरीच्या पुढे आहे आणि एका वेळी एकच विद्यार्थी घेतात. त्यांनी माझ्या अनुभवाविषयी काहीच विचारले नाही. घोडा कोणता, त्याची पाठ कशी आहे आणि त्यावर कोण बसणार, एवढेच विचारले. घोडा तो पांढऱ्या ठिपक्यांचा, आणि बसणार त्या केंद्रातील प्रशिक्षक, ज्या स्वतः त्याला मुलांच्या सत्रांआधी आठवड्यातून दोनदा फिरवतात. अठरा कामाच्या दिवसांची फी 3,300 डॉलर ठरली, त्यातील 500 आगाऊ, आणि तारीख मिळाली 15 मे 2023.

येथे कागदपत्रांचा भाग सांगणे आवश्यक आहे, कारण माझ्यासारख्या एच-4, म्हणजे अमेरिकेत एच-1बी व्हिसावर नोकरी करणाऱ्याच्या जोडीदाराला मिळणाऱ्या, व्हिसावर आलेल्या अनेकजणी या टप्प्यावर अडखळतात. एच-4 वर शिकायला वेगळा विद्यार्थी व्हिसा लागत नाही. काम करायला मात्र परवाना लागतो. माझ्या यजमानांचा आय-140 हा ग्रीन कार्डच्या वाटेवरचा अर्ज 2022 मध्ये मंजूर झाल्याने मी डिसेंबर 2022 मध्ये आय-765 हा कामाच्या परवान्याचा अर्ज भरून परवाना मागितला. त्याचे शुल्क तेव्हा 410 डॉलर होते. दरम्यान शिक्षकांनी मोठ्या मनाने सुचवले की, संध्याकाळी त्यांच्या दुरुस्तीच्या कामात हात लावला तर फीमधून 600 डॉलर कमी करता येतील. मला ते फार सोयीचे वाटले होते, पण अर्ध्या तासाचे 150 डॉलर देऊन वकिलांना विचारले, तेव्हा त्यांनी स्पष्ट सांगितले की रोख पैसे हातात आले नाहीत तरी फीमधील सूट हा मोबदलाच ठरतो आणि परवाना येईपर्यंत तो घेऊ नये. मी नकार कळवला आणि त्या वर्षीची भारतवारी पुढे ढकलून पूर्ण फी भरली. ते 150 डॉलर या सगळ्या खर्चातील सर्वांत सार्थकी लागलेली रक्कम आहे असे मी आजही मानते.

जानेवारी 2023 मध्ये ट्रीची मागणी नोंदवली. ट्री म्हणजे खोगिराचा लाकडी सांगाडा : पाठीच्या दोन्ही बाजूंना टेकणाऱ्या दोन लांबट फळ्या, म्हणजे बार, पुढे त्यांना जोडणारा फोर्क, त्यावर दोर अडकवायचा खुंट म्हणजे हॉर्न, आणि मागे आसनाची उंच कड म्हणजे कॅन्टल. या लाकडावर कच्चे, न कमावलेले कातडे ओले असताना ताणून शिवतात. वाळताना ते आकसते आणि लाकडाला असे आवळून धरते की खिळे आणि सरस यांना जे जमणार नाही ते ते करते. घोड्याच्या पाठीचे माप मी वाकणाऱ्या तारेने घेतले : खांद्याच्या पात्यामागे, पाठीच्या खोलगट जागी आणि शेवटच्या बरगडीजवळ अशा तीन ठिकाणी तार दाबायची, न हलवता उचलायची, जाड पुठ्ठ्यावर तिची रेघ मारायची आणि पुठ्ठा कापून पुन्हा घोड्यावर ठेवून पाहायचा. माझे पहिले दोन पुठ्ठे चुकले, कारण घोडा एक पाय सैल सोडून उभा होता. चारही पायांवर सारखे वजन टाकून, सपाट जमिनीवर, मान नेहमीच्या उंचीवर असताना माप घ्यावे.

शिक्षकांनी वेड पद्धतीचा ट्री निवडायला सांगितले. क्लिफर्ड वेड यांच्याकडील एका जुन्या खोगिरावरून अश्वप्रशिक्षक टॉम डोरन्स यांनी ऑरेगॉन राज्यातील पेंडलटनच्या हॅम्ली या खोगीर कंपनीकडून तसा ट्री करवून घेतला, तेव्हापासून हे नाव रूढ झाले. त्याचा फोर्क बाजूंना फुगलेला नसतो, त्यामुळे त्यावर चामडे चढवताना सुरकुत्या कमी पडतात आणि नवशिक्याला ते जमते. ट्रीचे 640 डॉलर आणि पाठवणीचे 60, निम्मे आगाऊ. यायला चौदा आठवडे लागले. शिकवणीची तारीख पक्की होताच त्याच आठवड्यात ट्री मागवावा, कारण बाकी सर्व वस्तू पंधरा दिवसांत मिळतात.

14 मे रोजी डेन्व्हरहून निघाले. शायेन, कॅस्पर, बफेलो असा सुमारे 700 किलोमीटरचा रस्ता आहे. शेवटच्या टप्प्यात डाव्या हाताला बिगहॉर्न पर्वताच्या रांगेवर मे महिन्यातही बर्फ दिसत होता. तीन आठवड्यांच्या खोलीचे भाडे 900 डॉलर. पहिल्या सकाळी दुखापतीची जबाबदारी स्वतःवर घेणाऱ्या दोन पानांवर सही केली. सही करण्यापूर्वी आरोग्य विम्यात हातावरची शस्त्रक्रिया धरली जाते का हे मी कंपनीला फोन करून विचारले होते. आपणही विचारावे, चामडे कापण्याची सुरी कातडी आणि बोट यांत फरक करत नाही.

त्या सुरीला तेथे हेड नाइफ म्हणतात. अर्धचंद्राच्या आकाराचे पाते आणि मध्ये मूठ. मी कोल्हापूरची आहे. चप्पल लाईनमधून जाताना कारागिरांच्या हातात रापी पाहत लहानाची मोठी झाले, त्यामुळे ते पाते हातात घेताना अनोळखी वाटले नाही. नंतर मी वहीत सगळ्या वस्तूंची मराठी नावे लिहू लागले. टोचणी ती आरी, स्टिरप ती रिकीब, सिंच तो तंग, छातीवरचा पट्टा तो पेशबंद. घोडदळ संपले तरी आपल्या भाषेने हे शब्द जपले आहेत, याचा मला त्या परक्या कार्यशाळेत फार आधार वाटला.

चामडेही ओळखीचे निघाले. खोगिराला वनस्पतीजन्य द्रव्यांनी कमावलेले, 13 ते 15 औंस जाडीचे चामडे लागते. एक औंस म्हणजे इंचाचा चौसष्टावा भाग, म्हणजे ही जाडी पाच ते सहा मिलिमीटर होते. कोल्हापुरी चपलेचे चामडेही असेच, हिरडा आणि बाभळीच्या सालीने कमावतात. अर्ध्या कातड्याला साइड म्हणतात. माझ्या खोगिराला अडीच साइड लागल्या, त्यांचे 780 डॉलर झाले. पहिला दिवस मी एकही काप घेतला नाही. शिक्षकांनी दोन्ही पूर्ण साइड टेबलावर पसरून, डोळे मिटून, तळहाताने चाचपायला लावल्या. पाठीच्या कण्यालगतचे चामडे घट्ट असते आणि ताणले जात नाही, म्हणून रिकिबीचे पट्टे तेथूनच काढायचे. पोटाकडचे मऊ आणि ताणणारे, ते वजन पडणाऱ्या कोणत्याही भागाला वापरायचे नाही.

दुसऱ्या दिवशी चामडे ओले करायला शिकले, आणि खरे सांगायचे तर पुढचे सोळा दिवस तेच शिकत राहिले. चामडे पाण्यात बुडवून, बुडबुडे थांबले की काढून, पिशवीत रात्रभर गुंडाळून ठेवतात. सकाळी ते मूळ रंगाकडे परतू लागलेले असते, पण गालाला लावले तर गार लागते. त्या अवस्थेत ते मातीसारखे आकार घेते आणि वाळल्यावर तो सोडत नाही. जास्त ओले असेल तर नखाची खूणही कायमची उमटते, कमी असेल तर वाकवताना वरचा थर तडकतो. मी चौथ्या दिवशी घाई केली. हॉर्नच्या आवरणाचा तुकडा अजून जड, पाणी धरलेला होता आणि मी तो चढवायला घेतला. शिक्षकांनी हात धुतले, माझ्या हातातून तुकडा काढून घेतला आणि म्हणाले, “आज हे तयार नाही. तुम्ही दुसरे काम घ्या.” एवढेच. त्यानंतर मी रोज सकाळी आल्याबरोबर चामडे गालाला लावून पाहत असे आणि त्यावरून दिवसाची कामे ठरवत असे.

त्याच आठवड्यात लोखंडाचा धडा मिळाला. कानशीने एका अवजाराची धार काढून, हात न धुता, मी फोर्कच्या ओल्या आवरणावर अंगठा टेकला. मिनिटभरात तेथे निळसर काळा ठसा उमटला, अंगठ्याच्या रेषाही दिसतील इतका स्पष्ट. वनस्पतीजन्य कमावणीतील टॅनिन आणि लोखंड पाण्यात एकत्र आले की काळा रंग तयार होतो. आपल्याकडे पूर्वी हिरडा आणि हिराकस यांची शाई याच गुणावर बनत असे. लिंबाचा रस कापसाने हलक्या हाताने लावला, ठसा फिकट होत गेला, मग स्वच्छ पाण्याने तो भाग पुन्हा पुसून घेतला. पूर्ण गेला नाही. ओल्या चामड्याजवळ लोखंडाचा कीस येऊ देऊ नये, अवजार घासल्यावर कोपरापर्यंत हात धुवावेत आणि अर्धे लिंबू जवळ असू द्यावे.

20 मे, शनिवार. दुपारी काम लवकर थांबवून शिक्षकांनी मला शेरिडनच्या मेन स्ट्रीटवरील किंग्ज सॅडलरी या खोगिरांच्या दुकानामागचे डॉन किंग संग्रहालय पाहायला पाठवले. शेकडो खोगिरे तेथे ओळीने मांडली आहेत. खोगीर कारागीर डॉन किंग यांनी रुळवलेल्या शेरिडन शैलीत लहान जंगली गुलाबांची फुले दाटीने कोरलेली असतात आणि त्यांच्या वेली एकमेकींत गुंतलेली वर्तुळे करत जातात. मी तासभर एकाच फेंडरसमोर, म्हणजे स्वाराच्या पायाखाली येणाऱ्या रुंद पानासमोर, उभी होते. परत आल्यावर माझ्या खोगिरावर थोडे तरी कोरीव काम करावे अशी इच्छा बोलून दाखवली. त्यांनी पहिले खोगीर साधेच ठेवायला सांगितले, आणि मला ते पटले : कोरलेल्या चामड्यावर चूक झाली की कोरण्याचे दिवसही जातात.

दुसऱ्या आठवड्यातील पहिले अडीच दिवस ग्राउंड सीटमध्ये गेले, आणि या साऱ्या शिक्षणाचा गाभा माझ्या मते हाच आहे. ट्रीचे दोन बार आणि कॅन्टल यांच्यामध्ये मोकळी जागा असते. तीवर आधी जस्ताच्या पत्र्याची पट्टी ठोकतात, मग चामड्याचे तुकडे एकावर एक चिकटवून, रापीने कडा शून्यापर्यंत पातळ करत, बसण्याचा आकार घडवतात. वरच्या देखण्या आसनाखाली हे सर्व कायमचे झाकले जाते. बसणाऱ्याला मांड कुठे मिळेल, पाय सरळ खाली लोंबतील की पुढे ढकलले जातील, हे मात्र येथेच ठरते. आसनाचा सर्वांत खोल बिंदू कॅन्टलला चिकटून आला तर स्वार कमरेवर मागे बसतो आणि त्याचे वजन घोड्याच्या कमरेवर जाते. मी चार थर लावले, त्यावर बसले, उतरले, काचेच्या तुकड्याने खरवडले, पुन्हा बसले. शिक्षक बाजूला उभे राहून माझा कान, खांदा, कंबर आणि टाच एका रेषेत येते का ते पाहत. तिसऱ्या थराची उजवी बाजू डावीपेक्षा उंच झाली होती. डोळ्यांना ती दिसेना. डोळे मिटून दोन्ही हात एकाच वेळी फिरवले तेव्हा तळहातांना कळली. तो थर पूर्ण काढून नव्याने लावला आणि त्यात सबंध दुपार गेली.

रिगिंग, म्हणजे तंग ज्या कड्यांना बांधला जातो त्यांची जागा, हा विषय मला सर्वांत रंजक वाटला. कडे फोर्कच्या सरळ खाली असेल तर ते फुल, फोर्क आणि कॅन्टल यांच्या मधोमध असेल तर सेंटर फायर, आणि मधल्या जागांना सात-अष्टमांश, तीन-चतुर्थांश अशी नावे आहेत. टेक्सासच्या गुराख्यांनी दोर हॉर्नला पक्का बांधला, त्यामुळे झटक्याने खोगीर मागून उचलले जाऊ नये म्हणून मागेही दुसरा तंग वापरला. कॅलिफोर्नियातील मेक्सिकन परंपरेच्या वाकेरोंनी, म्हणजे गुराख्यांनी, दोर हॉर्नला नुसते वेढे देऊन, लागेल तसा सोडत गुरे थांबवली आणि मधला एकच तंग पुरेसा मानला. हॉर्नला वेढा देणे यासाठी आजचा इंग्रजी शब्द डॅली आहे, तो स्पॅनिशमधील ‘वेढा दे’ अशा अर्थाच्या शब्दांवरून आला. माझ्या घोड्याच्या खांद्याला जुनी इजा असल्याने तंग कोपरापासून थोडा मागे राहावा म्हणून आम्ही सात-अष्टमांश ठेवले.

स्कर्ट, म्हणजे बारखाली पसरणारी चामड्याची रुंद पाने, आणि त्यांच्याखालचे मेंढीचे लोकरी कातडे यांची कामे शिक्षकांच्या यंत्रावर झाली आणि दीड दिवसात उरकली. त्या लोकरी कातड्यांचे 260 डॉलर पडले. त्यात काटकसर करू नये. घोड्याच्या बाजूला असते ते हेच.

26 मे रोजी सर्वांत महाग चूक केली. फेंडर दोन लागतात, एकमेकांच्या आरशातील प्रतिमेसारखे. पुठ्ठ्याचा नमुना मी पहिल्यांदा ठेवला, कापला, आणि दुसऱ्यांदा उलटा न करता तसाच ठेवून कापला. दोन्ही डावे झाले. कळले तेव्हा मला अक्षरशः घाम फुटला, कारण उरलेल्या चामड्यात तेवढा मोठा तुकडा निघत नव्हता. शिक्षकांनी त्यांच्या साठ्यातून त्याच जाडीचा भाग दिला, त्याचे 140 डॉलर झाले. वाया गेलेल्या फेंडरमधून पुढे पेशबंद आणि खोगिराचे छोटे पट्टे निघाले. पुठ्ठ्याच्या नमुन्याच्या एका अंगावर ‘डावा’ आणि दुसऱ्या अंगावर ‘उजवा’ असे मोठ्या अक्षरांत लिहावे, आणि कापण्यापूर्वी दोन्ही आकार चामड्यावर आधी आखून घ्यावेत.

आसनाचे चामडे 29 मे रोजी चढवले. ओले चामडे ट्रीवर पसरून, हॉर्न आणि फोर्कभोवती काप देऊन, हाडाच्या पट्टीने प्रत्येक वळणात दाबत न्यायचे आणि मग घोडीवर, म्हणजे खोगीर ठेवायच्या स्टँडवर, ठेवून वरून रुंद पट्टा ओढून रात्रभर तसेच सोडायचे. दुसऱ्या दिवशी पट्टा सोडला तेव्हा ग्राउंड सीटचे प्रत्येक वळण वर जसेच्या तसे उतरले होते. उजव्या बाजूचा तो थर काढून पुन्हा लावला नसता तर तो दोषही तसाच वर आला असता.

कॅन्टलची किनार हाताने शिवतात. चामड्याचे चार-पाच थर, एका दोऱ्याला दोन सुया, आरीने पुढून टोचायचे आणि मागच्या आखलेल्या रेषेवरच टोक बाहेर यायला हवे. शिक्षकांना या कामाला तीन तास लागतात. मला 31 मेचा पूर्ण दिवस आणि 1 जूनची सकाळ लागली. आरी थोडी जरी तिरकी झाली तरी मागे टाका रेषा सोडून जातो. पहिले अकरा टाके मी उसवले. करंगळीच्या बाजूला दोऱ्याने काप पडतात, तेथे आधीच कापडी चिकटपट्टी गुंडाळावी.

3 जूनला रिकिबी बसल्या, गायीच्या पायाच्या तेलाचा पातळ हात फिरवला आणि खोगीर काट्यावर ठेवले : 34 पौंड, म्हणजे जवळपास साडेपंधरा किलो. कडी, बकले, रिकिबी आणि वाद्या यांचे 410, दोरा आणि चिकटद्रव्याचे 90, स्वतःच्या अवजारांचे 350 आणि पेट्रोलचे 160 डॉलर धरून एकूण 7,240 डॉलर झाले. कामाच्या परवान्याचे शुल्क वेगळे. अवजारांपैकी रापी, आरी, कडा गोल करणारे साधन आणि दोन सुया एवढेच आधी विकत घ्यावे. बाकी काय लागते ते हात ठरवतो.

घोड्याच्या खुरात गळू झाल्याने जून रिकामा गेला. परवान्याचे कार्ड 11 जुलै रोजी टपालाने आले, अर्जानंतर सात महिन्यांनी. 22 जुलै, शनिवारी प्रशिक्षकांनी खोगीर पहिल्यांदा चढवले आणि पाऊण तास फिरवले. उतरल्यावर आम्ही खोगीर सरळ वर उचलले आणि पाठीवरचा घाम पाहिला. दोन्ही बाजूंना तो सारखा पसरला होता, फक्त डाव्या खांद्यामागे तळहाताएवढी जागा कोरडी होती. दाब जास्त पडतो तेथे घाम येत नाही, आणि ती जागा जुन्या पांढऱ्या केसांपासून चार बोटांवर होती. त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी शिक्षकांना छायाचित्र पाठवले. ट्रीला हात लावू नका, आधी खोगीर कुठे ठेवले होते ते सांगा, असे त्यांनी कळवले. आम्ही ते खांद्याच्या पात्यावर चढवले होते. 29 जुलै रोजी दोन बोटे मागे ठेवून, तंग पुन्हा आवळून, तितकाच वेळ फिरवले. उचलल्यावर मी डाव्या बाजूला हात फिरवला, आणि ती जागा ओली होती.